शिरोरेघेतला नंबर

इंद्रायणीच्या नावावर चौदा पेटंटं होती आणि निमगाव सावात त्यातल्या एकाचंही कुणाला सोयरसुतक नव्हतं. तिची आई सारजाबाई शेजारणींना सांगायची, "पोरगी झेरॉक्सच्या मशिनीवर हाय." छापण्याच्या आणि फोटो टिपण्याच्या यंत्रांत तेवीस वर्षं घालवलेल्या, त्यातली सहा जपानात काढलेल्या बाईची एवढ्यावर बोळवण व्हायची. इंद्रायणीला त्याचं वाईट वाटत नसे. तिला गावाची कीव यायची. आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती नोकरी सोडून आली होती. आल्यापासून ग्रामसेवक, बँकेचा मॅनेजर, मोबाइल दुरुस्तीवाला, सगळ्यांशी ती इतक्या संथ आवाजात बोलायची, की समोरच्याला आपल्याला परत बालवाडीत बसवलंय असं वाटावं.

पण बाई कामाची पक्की. तिचा पहिला शोध होता चुरगळलेल्या, भिजलेल्या, घडी पडलेल्या कागदाचा फोटो घेऊन तो कागद पडद्यावर इस्त्री केल्यासारखा सपाट करण्याचा. दुसरा त्याहून भारी. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून जी शिरोरेघ जाते, तिच्यात तिनं नंबर लपवला होता. एखाद्या शब्दावर रेघ केसभर जाड, पुढच्या शब्दावर केसभर बारीक. जाडबारीकच्या त्या क्रमातून प्रत्येक प्रतीचा वेगळा आकडा तयार व्हायचा. प्रतीचा मोबाइलवर फोटो काढला, तो पन्नास ग्रुपवर फिरून पार धुरकट झाला, तरी इंद्रायणीचा लॅपटॉप सांगायचा, हा कागद अमुक नंबरचा. तिसरी होती एक कुलूपबंद पेटी. प्रश्नपत्रिका तिच्या पोटात असायची आणि परीक्षेआधी अर्धा तास ती छापायला सुरुवात करायची. प्रत्येक मुलाला तेच प्रश्न, पण वेगळ्या क्रमानं.

ही पेटी घोडनदीकाठच्या, मंचरच्या एका शिक्षणसंस्थेनं घ्यायची ठरवली. संस्थेचे अध्यक्ष सावळेराम आबा. आठ शाळा, दोन कॉलेजं, एक वसतिगृह आणि प्रत्येक भिंतीवर आबांचा फोटो. संस्था दरवर्षी दहावीच्या मुलांची प्रज्ञा परीक्षा घ्यायची. पहिल्या वीस मुलांना दोन वर्षं वसतिगृहात फुकट राहून डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तयारी करायला मिळे. आंबेगाव-जुन्नरमधली सहाशेचाळीस पोरं त्या वीस जागांसाठी बसत. गेली तीन वर्षं पहिल्या विसांत आबांच्या सोयऱ्याधायऱ्यांची पोरं इतकी येत होती, की संस्थेचा निकाल आहे की लग्नपत्रिकेतली निमंत्रक मंडळी, असा प्रश्न पडावा. लोक कुजबुजायला लागले. तोंडं बंद करायला आबांना मशीन हवं होतं, तेही पेटंटवालं आणि आपल्याच भागातल्या लेकीचं.

"आमच्या मातीतली पोरगी," आबा स्टाफसमोर म्हणाले. "हिच्या मशिनीफुडं चिटपाखरू फिरकायचं न्हाई."

इंद्रायणीला तो माणूस पहिल्या भेटीतच ओळखू आला होता. तरी पेटी एकदा खऱ्या परीक्षेत चालवून बघायचा मोह तिला आवरेना. असल्या माणसांना वळणावर आणायलाच तर आपण पेटी केली, असं तिनं मनाला समजावलं.

कॉलेजची प्राचार्य मोहिनी तिची शाळेतली मैत्रीण. दहावीपर्यंत दोघी एका बाकावर. त्या मोहिनीला आबांनी "मॅडम, पानी" म्हटल्याबरोबर खुर्चीतून अर्धवट उठताना इंद्रायणीनं पाहिलं आणि तिच्या नावावर मनातल्या मनात काट मारली.

कागद हाताळायला एक जाणता माणूस हवा होता. संस्थेनं पीरमहंमदला बोलावलं. ओतूरला एसटी स्टँडच्या मागं त्याचं छापखान्याचं दुकान. एकतीस वर्षं संस्थेच्या चाचणी परीक्षांचे पेपर त्यानंच छापले होते, आधी खिळे जुळवून आणि मग ऑफसेटवर. वय सत्तरीकडे झुकलेलं, डोक्याला जाळीची टोपी, शर्टाच्या खिशात भिंग.

"तुम्ही पेपर गुप्त कसे ठेवायचात, चाचा?" इंद्रायणीनं आपल्या त्या बालवाडीच्या आवाजात विचारलं.

"मी छापायचो. खराब झालेले कागद संस्थेच्या कारकुनासमोर चुलीत घालायचो. गठ्ठे माझी बायको जोहराबी शिवायची. तिला मराठी वाचता येत न्हाई. संस्थेनंच तशी अट घातली व्हती."

इंद्रायणी हसली. "म्हणजे अडाणीपणा हेच तुमचं कुलूप."

 पीरमहंमदनं पेटीतून निघालेला नमुन्याचा कागद उचलला, खिडकीकडे धरला आणि नाक मुरडलं. "ही रेघ असली कशी? इथं सुजलीय, इथं वाळलीय. 'खालील'वर जाड अन् 'प्रश्न'वर बारीक. आमच्याकडं असलं कंपोझ कुनी आणलं असतं ना, तर तोंडावर फेकलं असतं."

इंद्रायणीच्या अंगावर काटा आला. बंगळुरात चाळीस इंजिनिअरांना तासभर कागद दाखवून तिनं सिद्ध केलं होतं, की हा फरक माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. आणि हा म्हातारा भिंगसुद्धा न काढता सांगत होता.

"तो दोष नाही. मुद्दाम आहे," ती फणकारली आणि रागाच्या भरात सगळं सांगून बसली. आबा, मोहिनी, दोन शिक्षक, सगळे तिथंच होते. पीरमहंमदनं कागद खाली ठेवला.

"मुद्दाम घान करायला एवढं शिकावं लागतं व्हय?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं एकमेकांशी कामापुरतं बोलणं राहिलं.

परीक्षा रविवारी अकराला. शनिवारी दुपारी पेटी बसवून झाली. प्रश्न आत गेले, कुलूप लागलं. आता रविवारी साडेदहापर्यंत कुणी काही छापू शकत नव्हतं. फक्त इंद्रायणीकडे तपासणीसाठी एक प्रत काढायची परवानगी होती. तेवढ्यात आबा पुढं झाले.

"पहिली पत्रिका जशी देवाला, तसा पहिला पेपर इघ्नहराच्या पायाशी. मी सोता वझरला जाऊन ठिवतो. पाकीट बंद, वर सील."

"आबा, प्रश्नपत्रिका बाहेर जाणार नाही. त्यासाठीच तर ही पेटी आहे."

"देवाला पेपर फोडायचाय व्हय?" आबा मोठ्यानं हसले आणि सगळा स्टाफ हसला. मग त्यांनी आवाज उतरवला. "सारजाबाईला कळलं, लेकीनं इघ्नहराला न्हाई म्हनलं, तर काय वाटंल तिला?"

इंद्रायणीनं नाही म्हणायला हवं होतं. ते तिला त्या क्षणीही कळत होतं. पण एक तर तिला या बावळट सोहळ्याचा कंटाळा आला होता. आणि दुसरं, जे तिनं पुढं बरेच दिवस कबूल केलं नाही, ते म्हणजे आपली पहिली प्रत ओझरच्या गणपतीसमोर जाणार या कल्पनेनं तिला कुठंतरी बरं वाटलं होतं. तिनं बटण दाबलं. प्रत नंबर एक बाहेर आली. मोहिनीनं ती पाकिटात घातली, लाख लावली आणि आबांच्या हातात दिली. तेव्हा पाच वाजले होते. इंद्रायणी गावी निघाली. पीरमहंमद कोऱ्या कागदांची रिमं पेटीत भरायला मागं थांबला.

रविवारी परीक्षा कशी छान झाली. कॉपी नाही, गडबड नाही, शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून उपयोग नाही. आबा वर्गावर्गातून फिरत होते आणि मागून फोटोग्राफर चालत होता. साडेबाराला पोरं बाहेर आली आणि पाऊण वाजता एक पालक मोबाइल घेऊन प्राचार्यांच्या खोलीत शिरला. त्याच्या मुलीला मैत्रिणीनं दाखवलेला फोटो त्यावर होता. पूर्ण प्रश्नपत्रिका. आदल्या दिवशी संध्याकाळी सव्वासात वाजता एका ग्रुपवर टाकलेली. ग्रुपचं नाव होतं 'प्रज्ञा ओन्ली फॅमिली'.

अर्ध्या तासात फाटकाबाहेर तीनशे पालक जमले. आबांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि निकाल तिथल्या तिथं देऊन टाकला.

"पिरम्हंमद. शनवारी मशिनीपाशी एकटा कोन व्हता? ह्यो."

पीरमहंमदला व्हरांड्यातल्या शिपायाच्या बाकावर बसवलं होतं. दोन्ही बाजूंना दोन शिक्षक उभे. त्याला आत आणलं. टोपी हातात, चेहरा राखेसारखा.

"पीरभाई, येकतीस वर्सं तुमाला घरातला मानूस समजलो," आबा गहिवरल्यासारखं बोलले. "आन् तुमी असं करावं?"

पीरमहंमदनं टोपी डोक्यावर घातली. "घरातला असतो तर आबा, ग्रुपवर मीबी असतो. मला बी फोटू आला असता."

एक शिक्षक खोकला. आबांचे कान लाल झाले. "पोलिसांना फोन लावा," ते म्हणाले.

"थांबा," इंद्रायणी म्हणाली. तिनं पालकाच्या मोबाइलवरचा फोटो आपल्या लॅपटॉपवर घेतला. फोटो अंधूक होता, एका कोपऱ्यात सावली पडलेली. यंत्रानं दहा सेकंद घेतले. पडद्यावर आकडा उमटला. एक.

"ही पहिली प्रत आहे," ती म्हणाली. "विघ्नहराला गेलेली."

आबा पडद्याकडे वाकले.

"मशीन चुकलंय," आबा म्हणाले.

इंद्रायणीनं उरलेल्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर टाकला. "कुठलाही उचला. नंबर मला दाखवू नका. फोटो काढा, दहा जणांकडून फिरवून माझ्याकडे पाठवा." पालकानं एक काढला, शिक्षकांनी दोन. चारशे बारा. सत्तावीस. सहाशे एक. वाटण्याआधी पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेले प्रतींचे आकडे पडताळून पाहिले, तर तिन्ही बरोबर. तिला एरवी असल्या प्रयोगात मजा येई. आज नुसती शिसारी आली होती.

पण आबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी खुर्चीत मागं रेलून क्षणभर डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यात नवं तेज होतं.

"बरं, नंबर येक. पन रेघंचं गुपित उघड्या डोळ्यानं वळखलं कुनी? पिरम्हंमदनं. सगळ्यांफुडं वळखलं. ज्याला रेघ वाचता येती त्याला ती काढताबी येती. त्यानं छापखान्यात तसाच पेपर बनवला, त्याच्यावर येक नंबर घातला आन् आळ माज्यावर. कसं?"

ही बनवाबनवी इतकी तयार होती, की इंद्रायणीला क्षणभर त्या माणसाचं कौतुक वाटलं. एवढी अक्कल शाळा चालवण्यात लावली असती तर! आणि त्याच्या हातात हा दोरा तिनंच दिला होता. त्या दिवशी म्हाताऱ्याला गप्प करायच्या हट्टानं सगळ्यांसमोर बडबड करून.

ती पीरमहंमदकडे वळली. "चाचा, शनिवारी तुम्ही इथून कधी निघालात?"

"साडेपाचला. मंचरहून नारायणगाव, तिथून ओतूरची गाडी. घरी पोचलो तवा आठ वाजून गेले व्हते. फोटू तर सव्वासातचा. तिकिटं हायेत खिशात. आनि अजून एक सांगतो, तुमी विचारलं न्हाई तरी." त्यानं आबांकडे तोंड वळवलं. "जोहराबीला मराठी वाचता येतं. सातवीपर्यंत ओतूरच्या शाळंत शिकलीय. तुमी अट घातली म्हनून आमी 'येत न्हाई' म्हनलो. येकतीस वर्सं प्रत्येक पेपर तिनं शिवताना वाचलाय. आमची सफा, आमची नात, ह्याच शाळेतून दहावी झाली. चाचणीत गणितात दोनदा नापास. घरात पेपर पडलेला असायचा, आनि पोरगी गणितात नापास! लावा आता पोलिसाला फोन."

इंद्रायणीनं मान खाली घातली. अडाणीपणाचं कुलूप! असलं कुलूप तिच्या चौदा पेटंटांत कुठंच नव्हतं, आणि ती त्या माणसाच्या तोंडावर हसली होती.

तिनं फोटो पुन्हा उघडला. आता आपला पहिला, सगळ्यात जुना शोध तिनं कामाला लावला. कागद सपाट करणारा. कागद सपाट करायचा तर घडी कुठं आहे ते आधी यंत्राला सापडावं लागतं. पडद्यावर दोन आडव्या रेषा उमटल्या. कागदाला वरून एक घडी, खालून एक. तीन भाग. वरचा भाग खालच्यापेक्षा बोटभर लहान, आणि घडी किंचित तिरकी.

"पेटीतून निघालेल्या एकाही कागदाला घडी नाही. हा कागद लांब पाकिटात जाण्यासाठी दोन घड्या घालून दुमडला होता. कुणी दुमडला?"

सगळ्यांना माहीत होतं कुणी दुमडला. कुणीही मोहिनीकडे पाहिलं नाही. इंद्रायणीनंही पाहिलं नाही. बाईनं संस्थेत सव्वीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीला चार उरली होती. तिच्याकडून काय अपेक्षा करायची? इंद्रायणी दुसरा पुरावा शोधायला की-बोर्डकडे वळली.

"मी दुमडला," मोहिनी म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेवर ती आजवर कितीतरी वेळा खुर्चीतून उठली होती. आताही उठली. पण उठून टेबलापाशी आली, कोऱ्या कागदांतला एक घेतला आणि सगळ्यांसमोर दुमडला. वरचा भाग बोटभर लहान, घडी किंचित तिरकी. "मला सरळ घडी घालताच येत नाही. शाळेत असल्यापासून. इंदूला विचारा. पाकीट मी पाच वाजता आबांच्या हातात दिलं. साडेसहाला मी आबांच्या घरी सह्या घ्यायला गेले होते. पाकीट जेवणाच्या टेबलावर फोडलेलं पडलं होतं. बाजूला ऋतिक वही घेऊन बसला होता."

ऋतिक आबांचा नातू. तोही परीक्षेला बसला होता.

"मोहिनीबाई," आबा एकेक अक्षर तोडत म्हणाले, "तुमाला बरं न्हाई. घरी जा."

"जाते. आधी बाहेर पालकांना सांगून जाते."

आणि ती गेली. फाटकाशी उभी राहून तिनं सांगितलं. माइक नव्हता, त्यामुळं मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. आबा मागच्या दारानं गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'अध्यक्षांच्या दक्षतेमुळे पेपरफुटी उघड', आणि सोबत वर्गात फिरणाऱ्या आबांचा फोटो. पाकीट ओझरला नेताना गाडीतून गहाळ झालं, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं होतं. म्हणजे ते रस्त्यात पडलं, कुणीतरी फोडलं, आणि त्या कुणीतरी फोटो काढून आबांच्या फॅमिली ग्रुपवर पाठवला. लोकांनी ते वाचलं आणि चहा पिऊन दुसऱ्या पानाकडे वळले.

पण फाटकाशी मोहिनीचं बोलणं ऐकलेले पालक गप्प बसले नाहीत. परीक्षा परत घ्यावी लागली. प्रश्न नवे, पेटी तीच. यावेळी देवाला, अध्यक्षाला किंवा आणखी कुणाला एकही प्रत गेली नाही. कागद भरायला पीरमहंमद आला नाही. इंद्रायणी ओतूरला त्याच्या दुकानात गेली, माफी मागायला. जोहराबीनं तिला चहा दिला. म्हातारा एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होता, त्यानं मान वर केली नाही.

"तुमचं मशीन खरं बोललं, ताई," तो म्हणाला. "पन मशीन बोलायच्या आधी मी चोर झालो व्हतो. तवा तुमी सोडून कुनी 'थांबा' बी म्हनलं न्हाई. म्हनून चहा दिलाय. बाकी मी त्या फाटकात पाय ठिवनार न्हाई."

तिनं आग्रह केला नाही. रिमं तिनं स्वतः उचलून भरली. फेरपरीक्षेत पहिल्या विसांत आबांच्या गोतावळ्यातलं एकच पोरगं आलं, आणि ते खरंच हुशार होतं. ऋतिक तीनशे अठराव्या नंबरावर होता.

महिन्याभरानं आबांचा इंद्रायणीला निरोप आला. पेटी झकास आहे, फक्त एक सुधारणा हवी. अध्यक्षांसाठी एक वेगळी किल्ली, आणि त्या किल्लीनं निघालेल्या प्रतीवर नंबर नको. इंद्रायणीनं उत्तर पाठवलं नाही. तिनं टेम्पो पाठवला आणि पेटी परत आणली. संस्थेनं मग कुठल्याशा विक्रेत्याकडून दुसरं मशीन घेतलं. चकचकीत, मोठ्या पडद्याचं, चालू केलं की सनईची धून वाजवणारं. त्यातल्या कुठल्याच प्रतीवर कसलाच नंबर नसतो. त्यामुळं तेव्हापासून संस्थेत कुणाचाही पेपर फुटल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि आबा हे प्रत्येक भाषणात सांगतात.

मोहिनीची बदली झाली. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, संस्थेच्या सगळ्यात लांबच्या शाळेवर. दिवसाला दोन एसट्या, तेवीस मुलं. पावसाळा संपल्यावर इंद्रायणी तिला भेटायला गेली. मोहिनी वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसून वाल सोलत होती.

"तुझ्याकडून मला अपेक्षा नव्हती, मोहिनी," इंद्रायणी म्हणाली. "मी तुला भित्री समजत होते."

"मी आहेच भित्री. त्या दिवशी घरी जाऊन मी दोन तास रडले. तुला काय वाटलं, पोवाडा म्हणत गेले?" मोहिनीनं वालाचा एक दाणा टोपलीत टाकलं. "आणि तू सगळ्यांनाच काहीतरी समजत असतेस, इंदू. शाळेतसुद्धा असंच होतं तुझं."

 इंद्रायणी शेजारी बसली आणि वाल सोलायला लागली. सोलता सोलता तिनं विचारलं, "इथं सहामाहीचे पेपर कसे घेतेस? छापखाना नाही, मशीन नाही. लाइट तरी असते का?"

"फळ्यावर लिहिते. सकाळी साडेदहाला, पोरांसमोर."

"आणि प्रश्न आधी कुठं लिहून ठेवतेस?"

"कुठंच नाही. फळ्यापाशी उभी राहिले की सुचतात. मागच्या वेळी एक चुकीचा सुचला, पोरांनीच दुरुस्त केला."

इंद्रायणी खो खो हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. आतून एक मुलगी पळत आली आणि बाईंना म्हणाली, दोन पोरं भांडतायत. मोहिनी वालाची टोपली इंद्रायणीच्या मांडीवर ठेवून आत गेली.